दात दाखव

छडीच्या टोकानं बाईंनी माझा वरचा ओठ उचलला आणि म्हणाल्या, "दात दाखव."

मी दाखवले.

प्रार्थना नुकतीच संपली होती. शाळेच्या अंगणात मुलींची रांग उभी होती. हात पुढं, आधी पालथे, मग उताणे. नखं, कान, केस, शेवटी दात. आधी बिगरीतल्या मुली, मग पहिलीतल्या, मग दुसरीतल्या. आणि रांगेच्या टोकाला, सगळ्यांहून हातभर उंच, लुगडं नेसलेली मी. मी त्या शाळेची विद्यार्थिनी नव्हते. त्या मुलींना शिकवायला आले होते.

छडीला कुबट वास होता. तीच छडी फळ्यावर आपटायची, तीच मुलींच्या तळव्यावर बसायची, अंगणात कुत्रं शिरलं की त्याच्या बरगडीत तीच खुपसली जायची. आता ती माझ्या हिरडीला टेकली होती.

"हिर्डोशी," बाई म्हणाल्या, "राखुंडीनं घासलेस का गोवरीनं?"

मुली हसल्या. हसणारच. लहान होत्या. थोड्या वेळानं त्याच मुलींपुढं उभं राहून मला पाढे घ्यायचे होते.

बाईंनी छडी मागं घेतली आणि यमूताईंच्या हातात दिली. यमूताईंनी ती हौदाच्या पाण्यानं धुऊन आणली. रोज हेच. माझ्यानंतर छडी धुतली जायची. माझ्याआधी कधी नाही.

मी कामाची यादी करून कामं उरकणारी बाई आहे. तेव्हाही होते. म्हणून हेही क्रमानं सांगते.

हिर्डोशी हे माझं नाव नव्हे, गाव आहे. भोरहून वरंध्याच्या घाटाच्या अंगाला चालत निघालं की दिवस कलताना पोचतं. आमची भाताची खाचरं, वरकस रानात नाचणी. माझं लग्न लहानपणीच झालं आणि नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. मामा भोरात संस्थानच्या पागेत मोतद्दार होता. घोड्यांची खरारा-मालिश, दाणावैरण त्याच्याकडं. मामा-मामीला मूल नव्हतं. त्यांनी मला आणलं, शाळेत घातलं. मी मराठी शाळेची शेवटची परीक्षा पास झाले.

त्याच सुमाराला मुलींच्या शाळेत दोन उमेदवार शिक्षिका घ्यायचं ठरलं. वर्षभर थोरल्या बाईंच्या हाताखाली राहायचं. पाठाचं टिपण काढायचं, ते बाईंना दाखवायचं, पाठ घ्यायचा, चुका ऐकायच्या. वर्षाच्या शेवटी तपासनीस साहेबांपुढं परीक्षेचा पाठ. बाईंनी बरा शेरा दिला आणि साहेबांनी मान हलवली की दाखला. दाखला हातात आला की खेड्यातली एखादी शाळा.

त्या दोघींतली एक मी. दुसरी यमूताई. भोरच्या पेठेतल्या वकिलांची भाची, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. त्याही विधवा, कपाळ माझ्यासारखंच मोकळं. पण त्या रांगेत उभ्या नसायच्या. त्या रांगेच्या पलीकडं, बाईंच्या बाजूला, ओला पंचा घेऊन उभ्या असायच्या. बाई त्यांना "यमूताई, अहो" म्हणायच्या. मला "ए हिर्डोशी."

आता दाखल्याचं. तो मला का हवा होता, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पासलीचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. बायको मेलेला माणूस. "खाचरं हायेत, दोन म्हशी हायेत, पहिलीचं पोर हाय, तेला बघाया कुणीतरी पायजे," आबा म्हणाले होते. मी नाही म्हणाले. बरीच रडारड झाली. शेवटी मामानं मध्यस्थी केली आणि आबांनी कबूल केलं, की ट्रेनिंगचं वर्ष संपेपर्यंत थांबतो. दाखला आला तर पोरगी मास्तरीण. नाही आला तर पासली.

म्हणून मी रोज दात दाखवत होते.

बाईंना शिकवता येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं येत होतं. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी दारोदार फिरून मुली गोळा केल्या होत्या, शिव्या खाल्ल्या होत्या. नवरा दरबारात मोठ्या हुद्द्यावर. घरी बसून पान लावायचं सोडून बाई शाळेत आल्या, म्हणून गावात त्यांचं नाव होतं. हे सगळं खरं आहे. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती मी अजून वापरते. म्हणायच्या, "उत्तर आपण सांगायचं नाही. मुलींच्या तोंडून काढायचं. एकेक प्रश्न असा टाकायचा की पुढं जायला दुसरी वाटच उरू नये. मुलीच्या तोंडून आलेलं उत्तर पक्कं."

आणि याच बाई दुपारच्या सुट्टीत नकाशांच्या कपाटामागं जायच्या, कमरेची डबी काढायच्या आणि दातांना तपकीर लावायच्या. चांगली चिमूटभर, बोटानं, मागच्या दाढेपर्यंत. मग खिडकीतून खालच्या जास्वंदीच्या बुंध्याशी थुंकायच्या. त्या झाडाच्या बुंध्याला तपकिरी पुटं चढली होती. दुपारच्या तासाला बाई वर्गात आल्या की पुढच्या ओळीतल्या मुलींना शिंका यायच्या. सगळ्या शाळेला ठाऊक होतं. बाई बोलताना ओठ फार उघडत नसत, याला लोक घरंदाजपणा म्हणायचे.

मला त्यांची किळस यायची. अगदी पोटातून. त्यांनी माझ्या पाठाचं टिपण हातात धरलं की कागदावर बोटांचे पिवळट डाग उमटायचे, आणि तो कागद मला परत घ्यावा लागायचा. पण त्याहून जास्त किळस मला माझ्या तोंडाची यायची. मी सकाळी राखेनं, मिठानं, कडुनिंबाच्या काडीनं हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासत होते. त्या तोंडाला त्यांनी नाव ठेवायचं आणि मी ते तोंड उघडायचं.

घरी मी काही बोलले नव्हते. मामीला कळलं ते हिरडीवरची जखम बघून. तिनं मामाला सांगितलं. मामा घोड्याचा खरारा हातात घेऊनच दारात उभा राहिला.

"खरं हाय का गं?"

"व्हय."

"छडीनं?"

मी मान हलवली.

मामानं खरारा उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाला, "पोरी, दात जनावराचं बघत्यात. ते बी इकत घेताना. एकदा का दावणीला बांधलं की फुडं कोन बघत न्हाई. तुजं तर रोज बघत्यात."

"दाखला मिळेपर्यंत सोसायचं, मामा."

"सोस," मामा म्हणाला. "पर ध्यानात ठिव."

ध्यानात ठेवायला सांगायची मला गरज नव्हती.

होळीनंतर ठकी शाळेत आली. हिर्डोशीकडचाच एक माणूस पागेत नवा लागला होता, त्याची मुलगी. आई नव्हती. मामाच्या शेजारच्या खोलीत बापलेक राहायचे. ठकी सहा-सात वर्षांची, ओटीत घोड्याच्या चंदीतले भिजवलेले हरभरे घेऊन फिरायची आणि भेटेल त्याला एकेक द्यायची. डोक्याला आई गेल्यापासून कुणाचा हात लागलेला नव्हता. केसांच्या जटा झाल्या होत्या. बापाला घोड्याची आयाळ विंचरता यायची, मुलीचे केस विंचरायचे असतात हे त्याच्या गावी नव्हतं.

पहिल्या दिवशी रांगेत बाईंनी छडीनं तिच्या जटा उचलल्या, आत पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरल्या.

"ही दुसरी हिर्डोशी," म्हणाल्या.

मला वाटलं, आता म्हणतील, हिला घरी ने, न्हाऊ घाल. तसं त्या म्हणाल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मला बोलावलं. यमूताई तिथंच होत्या.

"तुझा परीक्षेचा पाठ ठरला," बाई म्हणाल्या. "वस्तुपाठ घ्यायचा. विषय, शरीराची स्वच्छता. तुला शोभेल."

वस्तुपाठ म्हणजे काहीतरी वस्तू वर्गात आणून तिच्यावरून शिकवायचं. पिंपळाचं पान, मडकं, कापसाचं बोंड. ती वस्तू मुलींनी पाहायची, हाताळायची, आणि प्रश्न विचारत विचारत त्यांच्याकडून धडा काढायचा. मी विचारलं, "बाई, वस्तू कोणती?"

"ती मुलगी."

मला आधी समजलंच नाही.

"तिला टेबलाजवळ उभी करायची," बाई म्हणाल्या. "खाली पांढरं धडपं अंथरायचं. सगळ्यांसमोर डोक्यात फणी घालायची. धडप्यावर उवा पडल्या पाहिजेत. मुलींनी पाहिल्या पाहिजेत, साहेबांनीही पाहिल्या पाहिजेत. मग विचारायचं, हे कशानं होतं? असा पाठ साहेब विसरणार नाहीत. आणि ऐक. पाठ होईपर्यंत तिच्या डोक्याला फणी लावायची नाही. तेल नाही, पाणी नाही. तिच्या बापाला सांग. तुझ्या शेजारीच राहतात ना?"

"बाई, तिच्या डोक्यात जखमा झाल्यात. पिकल्यात."

"मग चांगलंच," बाई म्हणाल्या. "मागच्या ओळीपर्यंत दिसेल."

त्या चिडून बोलत नव्हत्या. पाठाची तयारी सांगत होत्या. खडू विसरू नकोस, फळा आधी पुसून ठेव, त्याच आवाजात. मी यमूताईंकडं पाहिलं. यमूताई पंच्याची घडी घालत होत्या. आधीच घातलेली घडी उलगडून पुन्हा घालत होत्या.

मी "बरं" म्हणाले आणि बाहेर आले. नदीवर गेले. नीरेच्या काठाला बसून चुळा भरल्या.

पाठाला आठवडा होता. रोज मी ठकीबरोबर शाळेत जायचे, रोज तिच्याबरोबर यायचे. ती दोन्ही हातांनी डोकं खाजवत चालायची. नखांत रक्त यायचं. सकाळी रांगेत बाई तिच्या डोक्याकडं बघायच्या आणि माझ्याकडं बघून मान डोलवायच्या. शाबास म्हणून. मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात घाणेरडी शाबासकी ती.

पाठाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मामीला म्हणाले, पाणी तापव. मामीनं विचारलं नाही कशाला. तिनं शिकेकाई उकळली, करंजाचं तेल काढलं. मी ठकीला पागेच्या मागच्या दगडावर बसवलं. जटा कात्रीनं मोकळ्या केल्या. जखमा कोमट पाण्यानं भिजवून खपल्या काढल्या. पू आला. वास आला. तो वास मला आठवतो, पण त्याची किळस आली नाही. किळस कशाची यायला हवी, हे मला त्या दगडावर कळलं.

"लई झोंबतंय गं," ठकी म्हणाली.

"झोंबू दे. थोडंच राहिलं."

"उवा मेल्या?"

"मेल्या."

"समद्या?"

"समद्या."

तिनं दगडावरच्या केसांकडं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "येक ठिवायची व्हतीस. बाईस्नी दिली असती."

मामी तोंडावर हात ठेवून हसली. मामा पागेतून आला, दगडावरचे केस बघितले आणि त्याला सगळं कळलं. पाठाची गोष्ट मी त्याला सांगितलेली होती.

"दाखला बुडंल तुजा," मामा म्हणाला.

"पोरीच्या डोक्यात किडे पडायची वेळ आली होती, मामा."

मामानं ठकीची मान हळूच वाकवून जखमा पाहिल्या. घोड्याच्या पाठीवरचे व्रण बघायचा तशा. "घोड्याचं आमी येवडं हाल केलं असतं तर आमाला चाबूक बसला असता," तो म्हणाला आणि लावायला हळद आणून दिली.

दुसऱ्या दिवशी वर्गात फुलं होती, सतरंजी होती. तपासनीस साहेब खुर्चीत बसले. कोट, डोक्याला रुमाल, घड्याळाची साखळी. शेजारच्या खुर्चीत बाई. भिंतीशी यमूताई. मुली ओळीनं बसल्या. पुढच्या ओळीत ठकी, चापूनचोपून तेल लावलेली, दोन घट्ट वेण्या, हळदीचे पिवळे ठिपके. तिच्याकडं बघून बाईंचा चेहरा उतरला. त्या उठून माझ्याजवळ आल्या. साहेबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "वस्तू कुठंय?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मग पाठ कशावर घेणार आहेस?"

"स्वच्छतेवरच घेते, बाई. तुमी बसा."

त्या बसल्या. साहेबांपुढं दुसरं काय करणार.

मी मुलींना विचारलं, "रोज सकाळी प्रार्थना झाली की काय होतं?"

"तपासणी," मुली म्हणाल्या.

"कशाची?"

"नखांची. कानांची. केसांची. दातांची." प्रत्येकीला आपलं सांगायचं होतं.

"कशासाठी करतात?"

"घाण असली तर कळायला."

"कुणाकुणाची होते?"

"बिगरीची. पहिलीची. दुसरीची." मग पुढच्या ओळीतली एक मुलगी म्हणाली, "तुमची पण होते."

साहेबांनी टिपणावरून मान वर केली. हे त्यांना नवीन होतं.

"माझी होते," मी म्हणाले. "मी शिकवते तरी होते. म्हणजे स्वच्छता लहानांनाच हवी का?"

"नाही. मोठ्यांना पण."

"शिकणाऱ्यांनाच हवी का?"

"शिकवणाऱ्यांना पण."

"मग शाळेतल्या सगळ्यांची तपासणी झाली?"

मुली विचार करत होत्या. खरोखर विचार करत होत्या, बोटांवर मोजत होत्या. मला उत्तर ठाऊक होतं. मी ते सांगितलं नाही. आपण सांगायचं नसतं. मुलींच्या तोंडून काढायचं असतं.

कारकुनांची मुलगी होती पेठेतली, नेहमी पहिली येणारी. तिनं हात वर केला. "थोरल्या बाईंची नाही झाली."

"थोरल्या बाईंची नाही झाली," सगळ्या मुली म्हणाल्या. खोडी काढायची म्हणून कुणीच म्हणालं नाही. प्रश्नाचं बरोबर उत्तर सापडल्याचा आनंद होता त्यांना.

टेबलावर छडी होती. ती मी उचलली नाही. बाईंच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, दात दाखवा."

बाईंनी पदर तोंडावर धरला. दोन्ही हातांनी. हातही दिसले. बोटांची टोकं पिवळी, नखांत तपकीर. मुलींनी पाहिलं. साहेबांनी पाहिलं.

साहेब हसले. मला ते हसू अजून सहन होत नाही. माझ्या बाजूनं ते हसले नाहीत. दोन बायका भांडताना गंमत बघायला मिळाली म्हणून हसले. "बास, बास," म्हणाले, "पाठ पुरे झाला." मग हसू पुसून त्यांनी शेरा लिहिला. बाईंनी तो संध्याकाळी मला वाचून दाखवला. शिकवण्याची हातोटी चांगली, विनय अजिबात नाही, शिक्षिकेच्या कामास अयोग्य.

वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत. उद्या सकाळी रांगेत टोकाला उभी राहा. सगळ्या मुलींसमोर दात दाखव. मी साहेबांकडं निरोप धाडते आणि शेरा बदलून घेते. एकदाच."

बाहेर आल्यावर यमूताईंनी मला हौदाजवळ गाठलं. "एकदाच तर आहे गं," त्या म्हणाल्या. "रोज दाखवत होतीसच की. आणखी एकदा."

"तुम्ही उभ्या राहाल?"

"माझं निराळं."

"काय निराळं?"

त्या हौदाच्या पाण्यात हात धुवायला लागल्या.

परीक्षा झाली म्हणून आबा मला न्यायला भोरात आलेच होते. मामानं त्यांना सगळं सांगितलं. आबांनी तंबाखू मळली, विचार केला आणि म्हणाले, "दातच तर दावायचंत. येवडं काय त्यात? दावून टाक आन् दाखला घे. न्हाईतर मग पासलीला व्हय म्हनून सांगतो."

त्यांच्याशी मी भांडले नाही. आबांना माझं वाईट करायचं नव्हतं. ते आयुष्यभर कुणाकुणाला काय काय दाखवत आले होते. तलाठ्याला, फौजदाराला, दरबारच्या शिपायाला. त्यांना त्यात काही दिसत नव्हतं. हेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. सोसून सोसून माणसाला सोसणं दिसायचंच बंद होतं. मी आणखी एकदा दात दाखवले असते तर मलाही दिसायचं बंद झालं असतं. मग मी शाळेत गेले असते, माझ्या हाताखाली मुली आल्या असत्या, आणि एखाद्या सकाळी माझ्याच हातात छडी असती.

सकाळी मी शाळेत गेले. रांग लागली होती. टोकाला माझी जागा मोकळी ठेवलेली होती. बाई छडी घेऊन रांगेच्या सुरुवातीला उभ्या होत्या. मी मोकळ्या जागेपाशी न जाता थेट त्यांच्यापुढं गेले.

"मी दात दाखवणार नाही," मी म्हणाले.

"मग दाखला नाही."

"नको."

"पस्तावशील, हिर्डोशी."

मी त्यांना माझं नाव सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग फाटकाकडं वळले. मागं बाईंचा आवाज आला, "हात पुढं." मुलींनी हात पुढं केले. माझ्या जाण्यानं रांग मोडली नाही, थांबलीसुद्धा नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टी सांगताना लोक रांग मोडून टाकतात.

पुढचं थोडक्यात. आबांबरोबर मी हिर्डोशीला चालत गेले. काही दिवसांनी पासलीचे पाहुणे आले. मला चालायला लावलं, बसायला लावलं. त्यांच्यातल्या म्हातारीनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "आ कर बाय, दात बगू." मी तिचा हात धरून बाजूला केला. ओरडले नाही. नुसता बाजूला केला. पाहुणे चहासुद्धा न घेता उठले. तो सगळा पावसाळा आबा माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या खाचरात लावणी केली, नाचणीची बेणणी केली, तण काढलं, आणि संध्याकाळी देवळाच्या ओवरीत चार पोरी जमवून अक्षरं गिरवून घेतली. पुढं चारांच्या जास्त झाल्या. दाखला मी नंतर मिळवला, संस्थानाबाहेर जाऊन, बाहेरून परीक्षेला बसून, बऱ्याच उशिरा. त्यासाठी कुणाला तोंड उघडून दाखवलं नाही.

एवढं सगळं आता लिहायचं कारण असं. मागच्या आठवड्यात यमूताई माझ्याकडं किकवीला आल्या. मी इथल्या शाळेची मुख्य बाई आहे. यमूताई आता त्या भोरच्या शाळेच्या. केस पांढरे झालेत. थोरल्या बाई वारल्या, संस्थानही गेलं. शाळेत बाईंचा फोटो लावायचा आहे. जुन्या शिक्षिकांनी आठवणी लिहून द्यायच्या आहेत, त्या समारंभात वाचायच्या आहेत.

"चार शब्द लिही," यमूताई म्हणाल्या. "चांगले लिही. त्यांच्यामुळं आपण शिकलो."

"छडी कोण धुवायचं, ते लिहू का?"

यमूताईंचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. "इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "त्या काळची शिस्त होती ती. आता कशाला?"

शिस्त. हा शब्द ऐकला आणि तोंडात तोच कुबट वास आला. लहान मुलीच्या डोक्यातल्या जखमा साहेबांसाठी पिकू द्यायच्या, त्याचं नाव शिस्त. माझा ओठ छडीनं उचलायचा, त्याचं नाव शिस्त. आणि जिनं ती छडी धुतली, ती आज फोटोला हार घालणार आणि मला म्हणणार, चांगले लिही.

चार शब्दांत मावलं नाही, यमूताई. हे आहे ते असं आहे. वाचायचं तर सगळं वाचा. मधलं गाळून, बाईंनी दारोदार फिरून मुली गोळा केल्या तेवढंच वाचायचं असेल, तर वाचू नका. समारंभाला मी येणार नाही. हार घालणार नाही.

उद्या माझ्याकडं एक उमेदवार मुलगी येते आहे. वेल्ह्याकडची, शेतकऱ्याची. तिच्यासाठी मी खुर्ची काढून ठेवली आहे, माझ्या खुर्चीच्या शेजारी, तेवढ्याच उंचीची. तिला मी तिच्या नावानं हाक मारीन. तिचं टिपण चुकलं तर चुकलं म्हणून सांगीन, स्पष्ट सांगीन, दार लावून सांगीन. माझ्या शाळेत फणी आहे, करंजाचं तेल आहे, दोरीवर धुतलेला पंचा आहे. ज्या मुलीला हवं तिनं यावं, मी स्वतः डोकं विंचरते, मागच्या पडवीत, कुणी बघत नसताना. रांग नाही. माझ्या हयातीत लागणार नाही.

आणि कुणी साहेब, कुणी बाई, कुणी पाहुणा माझ्या शाळेच्या अंगणात उभा राहून त्या मुलीला दात दाखव म्हणालाच, तर मी मधे उभी राहीन आणि सांगीन, आधी तुमचे दाखवा.